ओरॅकल एसक्यूएलची परीक्षा (१झेड०-०७१): खान्देशात राहून तयारी कशी करावी?

सावदा_रोड

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातला आहे. आपल्याच विद्यापीठातून बीएस्सी कॉम्प्युटर केलं. सध्या सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात काटापावत्या आणि हिशेब बघतो. सगळं काम एक्सेलमध्ये चालतं. ओरॅकल कंपनीची डेटाबेस एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती मागायची भाषा) परीक्षा द्यायचं पक्कं केलंय. कॉलेजात डीबीएमएस होतं, त्यामुळे सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि साधे जॉइन येतात. पण सराव प्रश्न वाचले की वाटतं, हे आपण शिकलेलं एसक्यूएलच नाही. क्वेरी लिहायला कोणी सांगतच नाही. लिहिलेली क्वेरी देतात आणि विचारतात, खालीलपैकी कोणती दोन विधानं बरोबर?

यासाठी पुण्याला क्लास लावावा लागेल का? पेपर इंग्रजीत आहे, त्याची धास्ती वाटते. फी आमच्या घरासाठी मोठी आहे, म्हणून कृपया ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांनी नीट सांगा.

तापीकाठ

भाऊ, मी भुसावळचा, सध्या पुण्यात डीबीए (कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा) आहे. क्लाससाठी पुण्याला यायची काही गरज नाही. खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जेवढे पैसे जातील त्यात परीक्षेची फी निघेल.

तू जे ओळखलंस तेच या परीक्षेचं मर्म आहे. ती तुला क्वेरी लिहायला लावत नाही, वाचायला लावते. समोर दहा ओळींची क्वेरी असते आणि तुला मशीन न चालवता सांगायचं असतं की ती चालेल का, एरर देईल का, आणि चालली तर किती ओळी येतील. नोकरीत आपण क्वेरी चालवून बघतो आणि चुकली तर दुरुस्त करतो. इथे ती सोय नाही. म्हणून तयारीही तशीच करायची: क्वेरी कागदावर उतरव, उत्तर आधी कागदावर लिही, मग चालव. आलेलं उत्तर आणि लिहिलेलं उत्तर वेगळं निघालं की तिथे थांब आणि कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. जे लोक नुसते व्हिडिओ बघतात त्यांना ही सवय लागत नाही.

सरावासाठी ओरॅकलचं एक्सप्रेस एडिशन २१सी फुकट आहे. ते स्वतःसाठी २ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही आणि १२ जीबीपर्यंत डेटा ठेवू देतं, शिकायला भरपूर झालं. लॅपटॉप फारच जुना असेल तर ओरॅकलचंच ब्राउझरमध्ये चालणारं लाइव्ह एसक्यूएल होतं, आता त्याचं फ्रीएसक्यूएल झालंय. त्यात इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही.

आणि नमुन्याची एचआर स्कीमा (ओरॅकलचाच सरावासाठीचा टेबलांचा संच) सोडू नकोस. एम्प्लॉईज टेबलात १०७ ओळी आहेत, डिपार्टमेंट्समध्ये २७. साधा इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच ओळी) केलास तर १०६ येतात, कारण एका कर्मचाऱ्याला विभागच दिलेला नाही. तेच लेफ्ट जॉइनने (न जुळलेल्या ओळीही ठेवून) कर्मचाऱ्यांकडून केलंस तर १०७. विभागांकडून लेफ्ट जॉइन केलास तर १२२, कारण १६ विभागांत माणूसच नाही. फुल आउटर (दोन्ही बाजूंच्या न जुळलेल्या ओळीही) केला तर १२३. हे चार आकडे कुठून आले ते तुला तोंडी सांगता आलं, की जॉइनचा अर्धा भाग झाला. मग नॅचरल जॉइन करून बघ. ३२ ओळी येतील. का, ते तूच शोध.

जुनी_पाटी

वरचा प्रतिसाद फार चांगला आहे. मी जळगावात बीसीए-बीएस्सीच्या मुलांना शिकवतो, म्हणून थोडं अभ्यासक्रमाबद्दल लिहितो.

आपल्या मुलांचे सर्वात जास्त गुण जातात ते नलवर. वर्गात आपण 'नल म्हणजे रिकामं' असं सांगून पुढे जातो, आणि परीक्षा बरोबर तिथेच पकडते. सावदा_रोड, तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती फाटली, पण भाव ठरायचा बाकी आहे. त्या पावतीवर भावाच्या रकान्यात काय लिहाल? शून्य लिहिलं तर माल फुकट दिला असा अर्थ होतो. तिथे भाव आहे, फक्त आत्ता माहीत नाही. डेटाबेसमध्ये हेच नल.

आता पाच पावत्या घ्या. भाव १२००, १५००, १५००, आणि दोन नल. काउंट स्टार ५ देईल. काउंट भाव ३ देईल. काउंट डिस्टिंक्ट भाव २ देईल. पण सिलेक्ट डिस्टिंक्ट भाव केलं तर ओळी ३ येतील, कारण तिथे नलचीही एक ओळ धरली जाते. ग्रुप बाय भाव केलं तरी गट तीनच, दोन्ही नल एका गटात. सरासरी १४०० येईल, कारण ४२०० ला तिनाने भागलं. एनव्हीएल लावून नलच्या जागी शून्य घातलंत तर तीच सरासरी ८४० होईल. दोन्ही क्वेरी बिनचूक चालतात, एरर कुठेच नाही, आणि उत्तरात क्विंटलमागे ५६० रुपयांचा फरक. परीक्षेचं राहू द्या, मालकाला यातला कोणता आकडा दाखवायचा हा शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे.

याच पाच पावत्यांवर 'भाव १५०० नाही' अशी अट घाला. मुलं तीन सांगतात. येते एकच, १२०० ची. नल आणि १५०० यांची तुलना ना खरी ना खोटी, ती अज्ञात राहते, आणि व्हेअरमधून फक्त खरी ठरलेली ओळ बाहेर पडते. एसक्यूएलमध्ये तर्काची तीन मूल्यं आहेत. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला, १९७४ मध्ये आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर सीक्वेल ही भाषा मांडली, १९७९ मध्ये ओरॅकलने आपलं पहिलं व्यापारी उत्पादन बाजारात आणलं, आणि १९८६ मध्ये एसक्यूएलला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. इतक्या वर्षांत भाषेत किती भर पडली, पण हे 'अज्ञात' तसंच राहिलं. ते एकदा मनात बसलं की अर्धा अभ्यासक्रम आपोआप सुटतो.

ओरॅकलपुरती आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेसुद्धा नल. दुसऱ्या डेटाबेसवर काम केलेले लोक इथे हमखास फसतात.

सातपुडा_पायथा

मित्रा, कशाला इतका खटाटोप? टेलिग्रामवर या परीक्षेचे खरे प्रश्न उत्तरांसकट मिळतात. पाठ करून जा. हवं तर लिंक देतो.

तापीकाठ

कृपया ती लिंक इथे टाकू नका. ओरॅकलच्या परीक्षेला बसताना जो करार मान्य करावा लागतो त्यात हे साफ मना आहे, आणि सापडलं तर मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होऊ शकतं. शिवाय त्या पीडीएफमधली बरीच उत्तरं चुकीची असतात. मी मुलाखती घेतो. प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, 'नॉट इनच्या आतल्या यादीत नल आला तर काय होतं?' पाठ करून आलेला तिथेच गप्प होतो. या पोराच्या घरी फीचे पैसे मोजून दिले जाणार आहेत, त्याला असा रस्ता दाखवू नका.

सावदा_रोड

सातपुडा_पायथा दादा, तुम्ही मदतीच्या भावनेनेच म्हणालात, पण मला लिंक नको. मला हे काम खरंच यायला हवंय.

तापीकाठ दादा, नॅचरल जॉइनचं शोधलं. दोन्ही टेबलांत डिपार्टमेंट आयडी आहे आणि मॅनेजर आयडीही आहे. नॅचरल जॉइन सारख्या नावाचे सगळे कॉलम जुळवतो, म्हणून ज्यांचा साहेब हाच विभागाचाही साहेब आहे तेवढेच ३२ आले. बरोबर का?

सर, नॉट इनचं मात्र कळलं नाही.

तापीकाठ

अगदी बरोबर! म्हणूनच प्रत्यक्ष कामात नॅचरल जॉइन कोणी वापरत नाही. उद्या कोणी दोन्ही टेबलांत 'शेरा' नावाचा कॉलम घातला की तुझी क्वेरी न सांगता बदलली. परीक्षेत मात्र तो येतो. युझिंगही (कोणत्या कॉलमवर जुळवायचं ते नावाने सांगणं) येतो, आणि युझिंगमध्ये दिलेल्या कॉलमला सिलेक्टमध्ये टेबलाचं टोपणनाव लावलं तर एरर येते, हे बघून ठेव.

जुनी_पाटी

नॉट इनचं सांगतो. समजा तुमच्याकडे गावांचं एक टेबल आहे आणि पावत्यांचं दुसरं. या आठवड्यात कोणत्या गावांतून माल आला नाही ते हवंय. तुम्ही लिहिता: ज्या गावाचं नाव पावत्यांमधल्या गावांत नाही ते दाखवा. पावत्यांपैकी फक्त एकीवर गाव लिहायचं राहिलं, म्हणजे तिथे नल आहे. निकाल: एकही ओळ नाही.

कारण असं. नॉट इन म्हणजे 'हे गाव फैजपूर नाही आणि निंभोरा नाही आणि नल नाही'. शेवटचा तुकडा अज्ञात. 'आणि'ने जोडलेल्या वाक्यात एक भाग अज्ञात असला की संपूर्ण वाक्य कधीच खरं होत नाही. फार तर खोटं किंवा अज्ञात. म्हणून प्रत्येक गाव गळतं. इनमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे 'किंवा' आहे आणि एक जरी तुकडा खरा निघाला तरी पुरतं. उपाय दोन आहेत: आतल्या क्वेरीत 'गाव इज नॉट नल' घाला, किंवा नॉट एक्झिस्ट्स वापरा.

एचआर स्कीमातही हेच करून बघा. जे कोणाचेच मॅनेजर नाहीत असे कर्मचारी नॉट इनने काढा. शून्य येतील, कारण कंपनीच्या अध्यक्षाला मॅनेजरच नाही आणि तिथे नल आहे.

खापरावरची_पोळी

मी शहाद्याची. लग्नानंतर नोकरी सुटली होती, म्हणून घरी बसून ही परीक्षा दिली आणि पास झाले. वर अभ्यासाचं छान आलंय, मी बाकीचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही.

घरून परीक्षा द्यायची तर खोलीत तुमच्याशिवाय कोणी नको. टेबलावर काही नको, कॅमेरा सुरू, दार बंद. आपल्याकडच्या घरात हे जमवणं अभ्यासाइतकंच अवघड आहे. शेजारची काकू विचारायला डोकावली तरी गोंधळ होऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना आदल्या दिवशी बसवून सांगा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आणि लग्नसराईच्या तारखा टाळा, डीजेच्या आवाजात दहा ओळींची क्वेरी वाचता येत नाही. इन्व्हर्टरवर फक्त लॅपटॉप चालून भागत नाही, राउटरही त्यावर जोडा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. आणि नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा. माझ्यासारख्या ज्यांचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं कागदांवर फिरतात त्यांनी हे आधी बघावं.

प्रश्न किती, वेळ किती, पासिंग किती, हे ओरॅकलने पूर्वी बदललेलं आहे. जुन्या व्हिडिओतले आकडे धरून बसू नका, पैसे भरण्याआधी ओरॅकलच्या परीक्षेच्या पानावर बघा. तिथेच विषयांची यादीही आहे. मी ती वहीत उतरवून घेतली होती आणि रोज एक विषय हातावेगळा करत होते.

इंग्रजीची धास्ती धरू नकोस रे भाऊ. मी मराठी माध्यमाचीच. प्रश्नातले शब्द तेच तेच असतात. प्रश्न समोर आला की आधी शेवटची ओळ वाच, कारण नेमकं काय विचारलंय आणि किती पर्याय निवडायचेत ते तिथे असतं. मग पर्याय वाच, आणि त्यानंतर क्वेरी. क्वेरी वाचताना फ्रॉमपासून सुरुवात कर, सिलेक्टपासून नाही. फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, मग सिलेक्ट, शेवटी ऑर्डर बाय. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये का चालत नाही आणि ऑर्डर बायमध्ये का चालतं, हे या क्रमातूनच कळतं. असे निम्मे पर्याय क्वेरी पूर्ण न वाचताच कटतात.

गिरणाथडी

दादा, हाई बठ्ठं वाचीसन डोकं मोकळं व्हयनं! चाळीसगावहून लिहितोय. मीही याच तयारीत आहे. कमिट-रोलबॅकवर (बदल पक्के करणं आणि मागे घेणं) कोणी सांगेल का?

तापीकाठ

यातला एक सापळा सांगतो. तू तीन ओळी इन्सर्ट केल्या, मग एक क्रिएट टेबल चालवलं, आणि मग रोलबॅक. त्या तीन ओळी परत जात नाहीत. ओरॅकलमध्ये डीडीएलच्या (क्रिएट टेबलसारख्या, रचना बदलणाऱ्या आदेशांच्या) आधी आणि नंतर आपोआप कमिट होतो. ट्रंकेटही डीडीएलच, म्हणून त्याला रोलबॅक नाही, डिलीटला आहे. सेव्हपॉइंट ठेवला असेल तर तोही त्या कमिटबरोबर संपतो.

परवानग्यांमध्येही असंच एक जोडपं आहे. विथ ग्रँट ऑप्शनने (म्हणजे पुढे देण्याच्या मुभेसह) दिलेली टेबलावरची परवानगी काढून घेतली की पुढे ज्यांना दिली गेली त्यांचीही जाते. विथ ॲडमिन ऑप्शनने दिलेली सिस्टिमची परवानगी काढली तर पुढच्यांची तशीच राहते. दोन वेगळे युजर तयार करून हे स्वतः चालवून बघ, वाचून लक्षात राहत नाही.

सातपुडा_पायथा

मी वर जे लिहिलं ते तसंच ठेवतो, पण एक विचारतो. एवढं करून नोकरी लागते का? माझ्या ओळखीत प्रमाणपत्र घेऊन बसलेले आहेत.

तापीकाठ

नुसत्या प्रमाणपत्राने लागत नाही, हे खरं आहे. ज्याच्याकडे अनुभव शून्य आहे त्याचा अर्ज चाळणीतून पुढे सरकायला ते मदत करतं, एवढीच त्याची किंमत मी धरतो.

जुनी_पाटी

मी थोडा वेगळा विचार करतो. आमच्याकडे येणारी मुलं चोपड्याहून, पारोळ्याहून एसटीने येतात. लॅब मिळते आठवड्यातून मोजके तास. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्याच त्या क्वेरी वर्षानुवर्षं उतरवल्या जातात. अशा मुलाला बाहेरची एक परीक्षा समोर असली की तो पहिल्यांदा विषय तळापर्यंत वाचतो. व्ह्यू, सिक्वेन्स, मर्ज, डेटा डिक्शनरी या गोष्टी आमच्या जर्नलमध्ये नीट येतच नाहीत. प्रमाणपत्र न घेता हे सगळं शिकता येतं हे मान्य, पण तसं शिकणारी मुलं मी फार थोडी पाहिली. पुण्या-मुंबईच्या मुलाला जो सराव आजूबाजूच्या माणसांकडून मिळतो तो आमच्या मुलांना कुठून तरी मिळायलाच हवा.

आणि सावदा_रोड यांच्याकडे तर खरा डेटा आहे! मालकाची परवानगी घ्या, शेतकऱ्यांची नावं आणि खाते क्रमांक काढून टाका, आणि वर्षभराच्या पावत्या एक्सप्रेस एडिशनमध्ये भरा. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांची आवक वेगवेगळी काढा, गाववार ग्रुप बाय करा, हॅविंगने मोठी गावं गाळून घ्या. मुलाखतीत एचआर स्कीमापेक्षा हे कितीतरी जास्त बोलेल.

सावदा_रोड

सर, मालकांनी परवानगी दिली. नावं काढून पावत्या भरल्या आणि लगेच एक अडलं. मार्चची आवक काढायला तारखेवर बिटवीन लावलं, १ मार्च ते ३१ मार्च. एक्सेलच्या बेरजेपेक्षा कमी येते. फरक बरोबर ३१ तारखेच्या पावत्यांएवढा आहे, पण ३१ तर बिटवीनमध्ये धरली जाते ना?

खापरावरची_पोळी

धरली जाते, पण ३१ तारखेची मध्यरात्रच. ओरॅकलच्या डेट प्रकारात दिवसाबरोबर तास, मिनिट, सेकंदही साठतात. तू नुसती ३१ मार्च लिहिलीस की ती रात्री बाराची धरली जाते, आणि तुझी पहिली गाडी काट्यावर सकाळी चढली असणार. '१ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' अशी अट लिही. काहीजण तारखेवर ट्रंक (वेळ कापून फक्त दिवस ठेवणारं फंक्शन) लावतात, तेही चालतं, पण मग त्या कॉलमवर साधा इंडेक्स असेल तर तो वापरला जात नाही.

हाताशी ॲड मंथ्सही बघून घे, ते परीक्षेत आवडीने विचारतात. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारीची शेवटची तारीख येते. आणि २८ फेब्रुवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर २८ मार्च येत नाही, ३१ मार्च येते, कारण महिन्याच्या शेवटच्या दिवसाला तो शेवटचाच दिवस देतो.

सावदा_रोड

आता बेरीज एक्सेलशी जुळली, ताई. आज रात्री भाव नल असलेल्या पावत्यांची गाववार यादी काढतो. मालकांनाही ती हवी आहे, बरेच शेतकरी भाव कधी लागणार म्हणून रोज विचारायला येतात.